इंग्रजीच्या तासाला संधीची आठवण

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

सन २००० पासून आपल्या मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून शिकवले जाते. म्हणजे दहावीच्या मुलाची या विषयाशी दहा वर्षांची ओळख असते. तरीही छापील उतारा घडाघडा वाचणारा हाच मुलगा क्रिकेटचे इंग्रजी समालोचन लागले, की ‘फार भरभर बोलतात’ म्हणून हात टेकतो. माध्यमिक शाळेत तीस वर्षे इंग्रजी शिकवल्यावर माझे मत असे झाले आहे, की अडचण वेगाची कमी आणि जोडणीची जास्त आहे. आम्ही शब्द सुटे सुटे शिकवतो. बोलणारा ते तसे उच्चारत नाही.

‘ॲन ॲपल’चे बोलताना ‘अनॅपल’ होते, ‘नेक्स्ट डे’मधला ‘ट’ गळतो, ‘टू’, ‘फॉर’, ‘अँड’ हे शब्द तर वाक्यात इतके दबतात, की त्यांचा स्वर जेमतेम ‘अ’ एवढा उरतो. यातून अर्थाचाही घोटाळा होतो. ‘आय कॅन कम’ म्हणताना इंग्रजीभाषक ‘कॅन’चा ‘कन्’ करून जोर ‘कम’वर देतो. ‘कॅन’ ठसठशीत उच्चारला जातो तो बहुधा नकारात, आणि अमेरिकन बोलण्यात त्या ‘कॅन्ट’चा शेवटचा ‘ट’ पुष्कळदा ऐकूच येत नाही. माझ्या एका माजी विद्यार्थ्याने अमेरिकेतील सहकाऱ्यांशी फोनवर बोलताना ‘आय कॅन डू इट’ असे अगदी ठासून सांगितले, आणि समोरच्याने तो नकार समजून काम दुसऱ्याला दिले.

गंमत अशी, की हे आपल्या मुलांना मुळात परके नाही. ‘आंबा’तला अनुस्वार आपण ‘म्’ उच्चारतो आणि ‘आंधळा’तला ‘न्’, कारण पुढचे अक्षर तसे आहे. ‘टेन बॉइज’चे ‘टेम्बॉइज’ होते तेही पुढच्या ‘ब’मुळेच. ‘काय करतो आहेस’ असे घरात कोणी म्हणत नाही, ‘काय करतोयस’ म्हणतो. जगत् अधिक नाथ म्हणजे जगन्नाथ, हे मुले व्याकरणाच्या तासाला घोकतात. पाश्चात्त्य भाषाशास्त्रानेही ‘संधी’ हा शब्द आपल्याच व्याकरणातून जसाच्या तसा उचलला. आमच्या इंग्रजीच्या तासाला मात्र त्याची आठवण कोणी काढत नाही.

मुलांनी ‘वॉना’, ‘गॉना’ करत फिरावे, असे मला मुळीच सुचवायचे नाही. मराठी वळणाचे इंग्रजी स्पष्ट असेल, तर त्यात लाजण्यासारखे काही नाही, आणि ‘ॲक्सेंट’ घालवून देतो म्हणून भरमसाट फी घेणाऱ्या क्लासांबद्दल न बोललेलेच बरे. प्रश्न आधी कानाचा आहे. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मी मोबाइलवर एकच वाक्य तीनदा ऐकवून त्यात शब्द किती, ते वहीत लिहायला सांगत असे. ‘व्हॉट डू यू वॉन्ट टू डू’ या सहा शब्दांच्या वाक्यात बहुतेकांना तीनच सापडले. मग मी फळ्यावर देवनागरीत ‘वॉजू वॉना डू’ असे ऐकू येते तसे लिहिले आणि खाली मूळ शब्द मांडले, तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘बाई, हा तर संधिविग्रह!’

अशा सरावाला तासातली दहा मिनिटे पुरतात. फक्त शिक्षकाने शब्दाशब्दाला थांबत वाचलेला उतारा त्यासाठी कामाचा नाही. नेहमीच्या गतीने बोलणाऱ्या निरनिराळ्या माणसांची ध्वनिमुद्रणे पाठ्यपुस्तकासोबत मिळावीत आणि श्रवणाची परीक्षाही त्यांवरच घेतली जावी, अशी शिक्षण विभागाला आपल्या पत्राद्वारे विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, कराड