जुनं वायरवालं ड्रिल भंगारात द्यायच्या आधी एकदा उघडून बघा

मा. संपादक यांस,

स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत घरातल्या हत्यारांवर लेख आला होता, त्यात लिहिलं होतं की जुनी वायरवाली ड्रिल मशीन जड असतात, शॉक देतात, वीज खातात, तेव्हा ती एक्स्चेंजमध्ये देऊन टाका आणि बॅटरीवालं घ्या. लेख वाचून आमच्याच गल्लीत दोघांनी घरातलं जुनं मशीन भंगारवाल्याला द्यायचं ठरवलं, त्यातलं एक मी बघितलं तर चांगलं चालू स्थितीतलं, फक्त कार्बन (फिरत्या मोटरला वीज पोचवणारे, घासून झिजणारे छोटे तुकडे) संपलेले. म्हणून हे पत्र लिहितोय, थोडं लांबेल, पण छापता आलं तर बघा.

मी कोल्हापूरचा, शिवाजी उद्यमनगरात मेंटेनन्सच्या कामात आयुष्य गेलं. घरी वडिलांनी ऐंशीच्या दशकात घेतलेलं रॅलीवुल्फचं १३ एमएमचं (म्हणजे १३ मिलिमीटरपर्यंतचं बिट धरणारं) ड्रिल आहे, अॅल्युमिनियमच्या बॉडीचं, आणि ते आजही कामाला लागतं. रॅलीवुल्फ म्हणजे मुंबईत मुलुंडला कारखाना होता ती कंपनी, नावातलं वुल्फ हे इंग्लंडच्या वुल्फ कंपनीवरून आलेलं. आमच्या जिल्ह्यातच शिरोळला १९७६ पासून कुलकर्णी पॉवर टूल्स आहे, केपीटी म्हणून सगळे ओळखतात. म्हणजे ही मशीन काही बाहेरून आलेली अनोळखी वस्तू नाही, महाराष्ट्रात बनली, महाराष्ट्रातल्याच ग्रिलवाल्यांनी, सुतारांनी, गॅरेजवाल्यांनी वापरली आणि इथल्याच रिवाइंडिंगवाल्यांनी, म्हणजे जळालेल्या मोटरचे वेढे नव्याने भरणाऱ्यांनी, जिवंत ठेवली.

आधी वीज खाण्याचं बघू, कारण ते दोन ओळींत संपतं. पाचशे वॅटचं ड्रिल सलग अर्धा तास चालवलं तर पाव युनिट जातं. घरात कोण सलग अर्धा तास भोकं पाडतंय? पडदे लावायचे, कपाटाला बिजागरी बसवायची, एवढ्याला पाच मिनिटं पण मशीन फिरत नाही. त्यामुळे वीजबिलासाठी ड्रिल बदला हे सांगणं चुकीचंच आहे.

आता ही मशीन टिकतात का, ते सांगतो, कारण लेखात नेमकं हेच नव्हतं. हातात धरायचं इलेक्ट्रिक ड्रिल जर्मनीत स्टुटगार्टच्या फाइन कंपनीने १८९५ साली काढलं, आणि पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाने दाबायचा स्विच याचं पेटंट अमेरिकेत ब्लॅक अँड डेकरला १९१७ साली मिळालं. तेव्हापासून आतली रचना जवळजवळ तीच आहे. मागे स्विच, मध्ये मोटर, मोटरच्याच शाफ्टवर हवा खेचणारा पंखा, पुढे गिअर आणि शेवटी चक, म्हणजे भोक पाडायचं बिट पकडणारा जबडा. मोटर फिरते खूप जोरात, गिअर तो वेग कमी करून ताकद वाढवतात. यात झिजणाऱ्या गोष्टी मोजक्याच, कार्बन, बेअरिंग, ग्रीस, वायर आणि स्विच. आणि ह्या सगळ्या बदलता याव्यात म्हणूनच तशा बनवल्यात! आमच्या मशीनच्या मागच्या बाजूला दोन्हीकडे आटे असलेल्या टोप्या आहेत, स्क्रूड्रायव्हरने फिरवल्या की कार्बन बाहेर येतो, बॉडी उघडायची सुद्धा गरज नाही. बनवणाऱ्याला माहीत होतं की हे झिजणार आणि गिऱ्हाईक घरीच बदलणार.

कार्बन बाहेर काढला की तो नीट बघायचा. छोटा काळा चौकोनी तुकडा, मागे स्प्रिंग, स्प्रिंगच्या आत तांब्याची विणलेली बारीक वायर, आणि पुढचं तोंड कम्युटेटरच्या (मोटरच्या शाफ्टवरचा तांब्याच्या पट्ट्यांचा गोल, ज्यावर कार्बन घासतो) गोलाईप्रमाणे किंचित खोलगट घासलेलं. हे तोंड चकचकीत आणि एकसारखं असेल तर मशीनची तब्येत चांगली आहे. कडा तुटलेल्या असतील, एका बाजूलाच जळल्यासारखा डाग असेल किंवा तांब्याची वायर निळीजांभळी झाली असेल तर आत काहीतरी बिघडतंय. तोच कार्बन परत घालायचा असेल तर काढताना वरची बाजू कुठली ते पेन्सिलने खूण करून ठेवायचं आणि तसाच घालायचा, उलटा घातला की ती गोलाई जुळत नाही आणि ठिणग्या वाढतात. मूळ लांबीच्या तिसऱ्या हिश्शावर आला की बदलायचा, आणि बदलायचे तर दोन्ही एकदम, एक नवीन एक जुना असं नाही. नवीन घातल्यावर लगेच लोखंडाला लावायचं नाही, थोडा वेळ मोकळंच फिरवायचं म्हणजे तोंड बसतं. जोडीचा खर्च म्हणाल तर दोघांनी मिसळ खाल्ली की तेवढे पैसे जातातच.

ठिणग्यांचं पण लोकांना कळत नाही. मागच्या जाळीतून बारीक निळसर ठिणगी दिसली की मशीन जळालं म्हणून लोक टाकून देतात. थोडी ठिणगी ह्या मोटरला असतेच. पण कम्युटेटरभोवती गोल रिंगणासारखी लालपिवळी ठिणगी फिरायला लागली तर मात्र लगेच थांबवायचं, आर्मेचरची, म्हणजे मोटरच्या फिरणाऱ्या भागाची, एखादी कॉइल तुटलेली किंवा शॉर्ट झालेली असणार. कम्युटेटर नुसता काळा पडला असेल तर झीरो नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं साफ होतं, पण एमरी पेपर वापरायचा नाही, त्याचे कण तांब्याच्या पट्ट्यांमधल्या खाचेत अडकतात आणि पुढे शॉर्टचं कारण होतात. आणि साफ केल्यावर खाचेतली कार्बनची धूळ ब्रशने काढायची, हे बरेच जण विसरतात.

गिअरचं ग्रीस हा दुसरा विषय. वर्षानुवर्षं तसंच ठेवलेलं ग्रीस मेणासारखं घट्ट होतं, मग गिअर कोरडेच फिरतात आणि मशीन किरकिर करायला लागतं. पुढचं गिअरबॉक्स उघडून जुनं ग्रीस रॉकेलने किंवा डिझेलने धुवायचं, पूर्ण वाळवायचं आणि नवीन भरायचं, तेही ठासून नाही, अर्ध्याच्या थोडं वर. जास्त भरलं तर गरम होऊन मोटरकडे सरकतं आणि कार्बनला लागलं की सगळी मेहनत वाया. बेअरिंगचं तर अजून सोपं आहे कारण त्यावर नंबर कोरलेला असतो. ६०८ लिहिलं असेल तर आतून ८, बाहेरून २२ आणि जाडी ७ मिलिमीटर, जगात कुठेही घ्या, कुठल्याही कंपनीचं घ्या, बसणारच. चाळीस वर्षांपूर्वीचं मशीन आज दुरुस्त होतं त्याचं मोठं कारण हा नंबर आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

लेखात शॉकबद्दल लिहिलंय ते मात्र खरं आहे आणि ते मी हलक्यात घेणार नाही. जुन्या मशीनची बॉडी धातूची, त्यामुळे त्याला तीन कोअरची वायर आणि चालू अर्थिंग पाहिजेच पाहिजे. आपल्याकडे लोक काय करतात, तीन पिनचा प्लग मोडला की दोन पिनचा लावतात, अर्थिंगची हिरवी वायर कापून गुंडाळून ठेवतात, आणि वर जुन्या वाड्यात बोर्डालाच अर्थिंग नसतं. मग शॉक बसला की मशीनला नावं ठेवतात. मल्टिमीटरची एक पिन प्लगच्या अर्थ पिनला आणि दुसरी चकला लावा, जवळजवळ शून्य ओहम दाखवायला पाहिजे, नाही दाखवलं तर ते मशीन वापरायचं नाही. घरात ३० मिलिअॅम्पचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच लाईन तोडणारा स्विच) असेल तर अजून चांगलं. प्लास्टिक बॉडीची जी मशीन असतात त्यांच्या पट्टीवर चौकोनात चौकोन अशी खूण असते, ती डबल इन्सुलेशनची, त्यांना अर्थिंग लागत नाही, पण खूण बघितल्याशिवाय मनानेच ठरवू नका.

पावसाळ्यात आमच्याकडे आणि कोकणात तर विचारायलाच नको, मोटर दमट होते. कोणाकडे मेगर (इन्सुलेशन मोजायचं मीटर) असेल तर ५०० व्होल्टवर बघून घ्यावं, दोन मेगाओहमच्या खाली आलं तर मशीन बाजूला ठेवायचं. उघडून उन्हात ठेवायचं, ऊन नसेल तर जवळ साठ वॅटचा जुना पिवळा बल्ब लावून रात्रभर ठेवायचं आणि परत मोजायचं. बहुतेक वेळा सुधारतं. नाही सुधारलं तर रिवाइंडिंगवाल्याकडे.

वापरताना पण थोडी शिस्त लागते. १३ एमएमचं ड्रिल हळू फिरतं पण ताकद भयंकर, पत्र्यातून किंवा अँगलमधून बिट पलीकडे निघताना अडकलं की अख्खं मशीन मनगटासकट फिरतं, म्हणून बाजूचं हँडल काढून ठेवायचं नाही. चकची चावी एकाच भोकात घालून आवळायची नाही, तिन्ही भोकांत फिरवून आवळायची, नाहीतर बिट घसरतं आणि त्याची मागची दांडी खराब होते. लांबलचक बारीक एक्स्टेंशन वायर लावली तर व्होल्टेज पडतं, मोटर मंद फिरते, मंद फिरली की पंखा पण मंद आणि मग गरम होते. आणि हे साधं ड्रिल आहे, हॅमर नाही, विटेच्या भिंतीत कार्बाइड टिपचं बिट लावून स्क्रूच्या गिट्टीचं (प्लगचं) भोक पडतं पण स्लॅबला आणि बीमला हे लावून दाबत बसलं तर बिट पण जातं आणि बेअरिंग पण. त्याला रोटरी हॅमरच पाहिजे.

बॅटरीवाल्याला माझा विरोध नाही हे स्पष्ट सांगतो. शिडीवर चढून काम करणाऱ्याला, शेतात लाईट नसते तिथे, फर्निचरचे स्क्रू दिवसभर आवळणाऱ्या पोरांना त्याचा खूप उपयोग आहे. पण घरात वर्षातून चार वेळा वापरणाऱ्याने ते घ्यावं का? बॅटरी वापरली नाही तरी जुनी होत जाते, लिथियमची असली तरी. माझ्या पुतण्याने एका नामांकित कंपनीचं घेतलं होतं, काही वर्षांनी बॅटरी उतरली, दुकानात गेला तर म्हणाले ह्या मॉडेलची बॅटरी बंद झाली. दुसऱ्या कंपनीची बसत नाही कारण प्रत्येकाची खाच वेगळी. मोटर चांगली, गिअर चांगले, चक चांगला आणि तरी मशीन बाद. बेअरिंगला जसा नंबर आहे तसा बॅटरीला का नाही, हा प्रश्न तुमच्यासारख्या वर्तमानपत्रांनी कंपन्यांना विचारायला पाहिजे.

आणि जुन्या मशीनचे पार्टही आता हळूहळू मिळेनासे होतायत हे पण खरंय. कार्बन आणि बेअरिंग मिळतं, पण स्विच, आर्मेचर, फील्ड (मोटरचा न फिरणारा, वेढे असलेला भाग) विचारलं की कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर मॉडेल बंद झालं एवढंच उत्तर. पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लोहार चाळ, नागदेवी स्ट्रीटला जाऊन शोधावं लागतं. केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ ला राइट टू रिपेअरचं (दुरुस्तीच्या हक्काचं) पोर्टल सुरू केलं, त्यात शेतीची अवजारं, मोबाइल आणि टॅब्लेट, घरगुती उपकरणं आणि गाड्या हे चार विभाग घेतले. चांगलं पाऊल होतं. पण हातात धरायच्या पॉवर टूल्सचा वेगळा विभाग त्यात नाही, आणि ह्याच मशीनवर लाखो छोट्या कारागिरांचं पोट आहे. दुसरीकडे २०२२ च्या ई-कचरा नियमांत, जे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, त्यात इलेक्ट्रिक हत्यारं घेतलेली आहेत. म्हणजे टाकून द्यायची व्यवस्था कायद्याने झाली आणि दुरुस्तीची मात्र अजून नाही. माझी मागणी एवढीच आहे की मशीन विकणं बंद केल्यावर सुद्धा ठराविक वर्षं कार्बन, स्विच, आर्मेचर देणं बंधनकारक करावं आणि पार्टचा नंबर मशीनच्या पट्टीवर किंवा माहितीपत्रकात छापावा.

रिवाइंडिंगवाल्यांबद्दल लिहिल्याशिवाय पत्र संपवता येणार नाही. उद्यमनगरात एक ओळखीचे कारागीर आहेत, आर्मेचरच्या एकेका खाचेत किती वेढे, कुठल्या गेजची वायर, हे ते जुनी कॉइल सोडवताना मोजून वहीत लिहितात, मग नवीन वेढे भरतात, शेवट कम्युटेटरला सोल्डर करतात, वार्निशमध्ये बुडवून भट्टीत वाळवतात, ग्रोलरवर (आर्मेचर तपासायच्या चुंबकी यंत्रावर) ठेवून हॅक्सॉचं पातं फिरवून शॉर्ट तपासतात. पातं थरथरलं की कॉइल परत सोडायची. एवढ्या बारीक कामाचे मिळणारे पैसे बघितले तर वाईट वाटतं, आणि त्यांच्याकडे शिकायला आता कोणी येत नाही. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनची पोरं वायंडिंग शिकतात पण बाहेर पडल्यावर ह्या धंद्यात थांबत नाहीत कारण गिऱ्हाईकच कमी झालंय. आपण चालू मशीन भंगारात देतो तेव्हा ह्या माणसाचं काम पण जातं, हे पुरवणीत लिहिणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

तेव्हा विनंती अशी की पुढच्या पुरवणीत एखादं पान दुरुस्तीवर काढा, आपल्या जिल्ह्यात मोटर रिवाइंडिंग आणि पॉवर टूल दुरुस्तीची दुकानं कुठल्या भागात आहेत ते छापा. आणि वाचकांना सांगा की कार्बन बदलून, ग्रीस घालून, अर्थिंग तपासून सुद्धा मशीन चाललं नाही, आर्मेचर आणि फील्ड दोन्ही जळालेत, बॉडीला तडा गेलाय, तरच ते टाकायचं. टाकताना सुद्धा रस्त्यावरच्या भंगारवाल्याला नको, तिथे वायर जाळून तांबं काढतात आणि धूर शेजारच्या वस्तीत जातो, ते नोंदणीकृत ई-कचरावाल्याकडेच द्यावं. चक, चावी आणि बाजूचं हँडल मात्र आधी काढून घ्यावं, ते दुसऱ्या कोणाच्या तरी मशीनला लागतं.

कळावे,

आपला एक वाचक,
कोल्हापूर