शेवटच्या तासांच्या कल्पना नकोत, आठवणी छापा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

‘जगाचा शेवट काही तासांवर आला तर तुम्ही काय कराल?’ या प्रश्नाला नामवंतांनी दिलेली उत्तरे आपल्या रविवार पुरवणीत वाचली. कोणी समुद्रकिनारी गाणे ऐकत बसणार आहे, तर कोणी सगळ्या वैऱ्यांना माफ करणार आहे. उत्तरे वाचनीय असली तरी ती सवडीने सुचलेली आहेत. शिवाय या प्रश्नासाठी कल्पना लढवण्याची गरजच नाही, कारण शेवट आला असे खरोखर मानून ते तास काढलेली माणसे अजून हयात आहेत.

अमेरिकेच्या हवाई बेटांवर १३ जानेवारी २०१८ रोजी सकाळी ८ वाजून ७ मिनिटांनी लोकांच्या मोबाइलवर सरकारी इशारा आला की क्षेपणास्त्र येत आहे, ताबडतोब आसरा घ्या, हा सराव नाही. इशारा चुकून गेला होता, पण तसे सांगणारा संदेश मोबाइलवर यायला ३८ मिनिटे लागली. समुद्र तर तिथे हाकेवर, पण बहुतेकांची धडपड आडोसा शोधण्याची आणि घरचे माणूस गाठण्याची होती. काहींनी मुलांना रस्त्यावरच्या गटाराचे झाकण उघडून आत उतरवले. गोल्फ स्पर्धेसाठी होनोलुलूला आलेला जॉन पीटरसन हा खेळाडू बायको, तान्हे बाळ आणि सासूसासऱ्यांसह बाथटबमध्ये अंगावर गाद्या ओढून बसला होता. वैऱ्यांची आठवण त्या गर्दीत कोणाला झाली असेल, असे वाटत नाही.

आपल्याकडचा अनुभव वेगळा आहे, कारण इथे तारीख आधीच जाहीर झालेली होती. ३ ते ५ फेब्रुवारी १९६२ या दिवसांत सूर्य, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी आणि केतू मकर राशीत एकत्र येणार, म्हणजे अष्टग्रही होणार, म्हणून प्रलयाची आवई उठली. पंतप्रधान नेहरूंनी ही भीती हसण्यावारी नेली, तरी देशभर यज्ञ झाले, जप झाले आणि मणांनी तूप अग्नीत गेले. आमच्या आजीने यज्ञासाठी तुपाची वाटी दिली आणि त्याच रात्री मटकी भिजत घातली, जिला मोड यायचे ते प्रलय उलटून गेल्यावरच. त्याच महिन्यात लोकसभेची निवडणूक होती, आणि प्रलयाच्या धास्तीने कोणा उमेदवाराने प्रचार आवरता घेतल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही!

पुढे ११ जुलै १९७९ रोजी स्कायलॅब ही सुमारे ७७ टनांची अवकाशस्थानक-प्रयोगशाळा कोसळली. तिचे तुकडे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. मात्र ती डोक्यावर पडणार या भीतीने लोकांनी दावणीची बकरी आणि खुराड्यातल्या कोंबड्या कापून खाल्ल्याच्या हकिकती कोकणात अजून ऐकायला मिळतात. यज्ञापेक्षा हा मार्ग मला अधिक समजण्याजोगा वाटतो.

हाती मिनिटे उरली की माणूस आपल्या माणसांकडे धावतो, आणि दिवस उरले की तो गावाबरोबर काहीतरी करत राहतो, असे या तीन प्रसंगांवरून मला वाटते. पण माझे म्हणणे तपासायचे तर पुरावा हवा आणि तो झपाट्याने कमी होत आहे. अष्टग्रहीच्या वेळी दहा वर्षांचे असलेले मूल आज सत्तरी ओलांडून गेले आहे. म्हणून आपण पुरवणीतून अशा वाचकांच्या आठवणी मागवाव्यात, ही विनंती. त्या तीन दिवसांत शाळा भरली होती का, घरी काय रांधले, परगावी गेलेले कोण परतले, वाण्याची उधारी कोणी फेडली आणि कोणी मुद्दाम तुंबवली, असे साधे प्रश्न विचारावेत. प्रलयाची तारीख छातीठोकपणे सांगणारे ६ फेब्रुवारीच्या सकाळी काय म्हणाले, हेही त्यात असावे.

आपला,
एक जुना वाचक, मिरज