कुत्र्याचा कॅरियर वजनावर नको, मापावर घ्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सुट्टी लागली की बरेच जण कुत्र्यालाही गाडीत घालून गावी नेतात, म्हणून हे लिहितोय. आमचा बंड्या गावठी, १४ किलोचा. गेल्या मे महिन्यात चिपळूणला जायचं म्हणून कॅरियर, म्हणजे कुत्र्याला प्रवासात ठेवायचा पिंजरा, घ्यायला गेलो, दुकानात पहिला प्रश्न वजन किती, १४ म्हटल्यावर मीडियम काढून दिला आणि आम्हीही घेऊन आलो. कुंभार्ली घाटात तो बिचारा मान खाली घालून उभा, धड बसता येईना, वळता येईना, नुसती लाळ गळत होती, शेवटी कडेला गाडी घेऊन बाहेर काढला. त्याची ती नजर अजून डोळ्यांसमोर आहे.

शेजारचा बीगल पण १४ किलोचाच, पण उंचीला बंड्यापेक्षा वीतभर कमी. मग दोघांना एकच साइज कशी होणार?

विमानप्रवासासाठी आयाटाने, म्हणजे विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, क्रेटचं (अशाच पिंजऱ्याचं) माप ठरवून दिलंय, आता आम्ही तेच धरतो. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या बुडापर्यंत मोजायचं, त्यात जमिनीपासून पुढच्या पायाच्या कोपरापर्यंतच्या उंचीचं निम्मं मिळवायचं, ही झाली लांबी. रुंदी खांद्याच्या दुप्पट. उंची म्हणजे कुत्रा नीट उभा असताना डोक्यापर्यंत, कान ताठ असतील तर कानाच्या टोकापर्यंत, वर गादीची जाडी. बंड्याचे ७४ आणि २८ चे निम्मे १४, म्हणजे ८८ सेंमी लांबी लागते आणि आम्ही घेतलेला होता ६८ चा! पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना विमानात याहून १० टक्के मोठा लागतो. आणि हे सगळं आतलं माप हं, बाहेरचं नाही.

गाडीसाठी मात्र फार मोठाही घेऊ नका, ब्रेक लागला की कुत्रा आतल्या आत आपटतो. उभं राहता, वळता, पाय पसरून झोपता आलं की बास.

दुकानदारांना कळकळीची विनंती आहे, प्रत्येक कॅरियरवर आतलं माप सेंटीमीटरमध्ये लिहा आणि कुत्र्याला दुकानात आत बसवून बघू द्या. ऑनलाइन विकणाऱ्यांनीही नुसतं 'मीडियम, १५ किलोपर्यंत' असं टाकू नये, त्यावर विश्वास ठेवून लोक घेतात आणि हाल मुक्या जनावराचे होतात.

आपला,
एक वाचक, पुणे