मातृभाषेच्या रकान्यात काय लिहायचे, हे आम्हाला विचारा

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस
सादर नमस्कार.

महोदय,

माझे माहेर सांगली जिल्ह्यातील कडेगावचे आणि सासर मिरजेत तंतुवाद्ये बनवणाऱ्या शिकलगारांचे. माझी मुलगी चौथीत मराठी माध्यमात शिकते. तिच्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये मातृभाषेच्या रकान्यात ‘उर्दू’ अशी नोंद आहे. आमच्या घरात उर्दू कोणालाही लिहिता-वाचता येत नाही. प्रवेशाच्या दिवशी मुलीचे नाव वाचून तो रकाना परस्पर भरला गेला आणि सही करण्याच्या घाईत माझेही तिकडे लक्ष गेले नाही.

आमच्या घरात नमाज अरबीत होते, आजेसासूबाईंचे बोलणे दखनी होते, आणि बाकीचे सारे, म्हणजे हिशेब, भांडण, लाड आणि मुलीचा अभ्यास, मराठीत चालते. माझे सासरे पंढरपूर भागातून आलेल्या भोपळ्याचा तंबोरा करतात. शेवटी तारांखालच्या घोडीवर हलक्या हाताने कानस फिरवून, तार छेडून, पुन्हा कानस फिरवून ते जवारी, म्हणजे तारेचा घुमणारा नाद, काढतात. तंबोरा न्यायला आलेली भजनी मंडळाची माणसे तेवढा वेळ शेजारी बसून राहतात आणि सूर लागला की माना डोलावतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते या मातीचे म्हणूनच मिळाले. ज्या घरातून ते वाद्य बाहेर पडते, त्या घरातील मुलीची भाषा मात्र नावावरून ठरवली जाते, याचे मला मनापासून दुःख होते.

ही नोंद कागदापुरती राहिली असती, तर मी आपल्याला लिहिले नसते. यंदा वर्गात कसल्याशा यादीसाठी ‘मुस्लिम मुलांनी उभे राहा, मराठी मुलांनी बसा’ असे सांगण्यात आले. सांगणाऱ्या बाईंच्या मनात काही वाईट नव्हते, हे मी जाणते. आपल्याकडे बोलण्याची ती रीतच पडली आहे. मुलीने घरी येऊन त्याबद्दल एक शब्दही काढला नाही. पुढच्या आठवड्यात शेजारच्या घरी पुरणपोळी खाऊन ती परतली आणि मला सांगू लागली, ‘आई, मराठी लोकांच्यात पोळीवर दूध घेतात.’ शेजारच्या ज्या घरात ती रांगायला शिकली, त्या घरातील माणसे तिच्यासाठी आता ‘मराठी लोक’ झाली होती आणि ती स्वतः त्यांत उरली नव्हती.

कडेगावच्या मोहरमचे उंच ताबूत आधी कळस बांधून मग खालच्या मजल्यांकडे येत बांधले जातात, आणि त्या मोहरमच्या मानकऱ्यांत हिंदू घराणीही आहेत. मी त्यात वाढले, म्हणून धर्म वेगळा आणि गाव एक ही गोष्ट मला कोणी शिकवावी लागली नाही. परंतु 2009 च्या गणेशोत्सवात दंगल पेटली, तेव्हा मी मिरजेत शिकत होते आणि संचारबंदीतले ओस रस्ते मी पाहिले आहेत. आपुलकी आपोआप टिकते, असे मला तेव्हापासून वाटत नाही.

मला माझा धर्म लपवायचा नाही. मी रोजे ठेवते आणि मुलीलाही तिच्या वयाला झेपेल तसे शिकवते. आमच्या जातीची नोंदही दाखल्यावर असायलाच हवी, कारण पुढे जातीच्या दाखल्यासाठी आणि पडताळणीसाठी तोच पुरावा लागतो. म्हणून हे रकाने काढून टाका, असे मी म्हणत नाही. मात्र ते पालकांना विचारून भरले जावेत, मातृभाषा आणि धर्म यांची सांगड कर्मचाऱ्याने मनाने घालू नये आणि एकाहून अधिक भाषा घरात बोलल्या जात असतील तर तसे लिहिता यावे. ज्यांना धर्म सांगायचा नसेल, त्यांच्यासाठीही तशी सोय अर्जावर स्पष्ट छापलेली असावी. धर्म जाहीर करण्याची सक्ती शासन कोणावर करू शकत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने 2014 मध्येच दिला आहे. कोणत्याही यादीसाठी वर्गात मुलांना धर्मावरून उभे करू नये. ती माहिती रजिस्टरमध्ये असतेच, कार्यालयात बसून काढता येते.

मूल शाळा सोडून गेल्यावर रजिस्टरमधील नोंद बदलणे किती अवघड असते, हे आपल्या विभागाला सांगायला नको. माझी मुलगी जूनमध्ये पाचवीसाठी दुसऱ्या शाळेत जाईल. त्यापूर्वी तिची नोंद दुरुस्त व्हावी, यासाठी मी मुख्याध्यापकांकडे अर्ज दिला आहे. जिल्ह्यात अशा आणखी किती मुलांची भाषा नावावरून लिहिली गेली आहे, याची तपासणी आपण शिक्षणाधिकाऱ्यांमार्फत करून घ्यावी आणि येत्या प्रवेशांआधी सर्व शाळांना तसे परिपत्रक काढावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक पालक
मिरज, जि. सांगली