पॉइंट योजना बंद करताना ग्राहकांचं देणं चुकतं करण्याबाबत

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

तुमची पॉइंट योजना महिनाअखेर बंद होत असल्याचा एसएमएस मिळाला. शिल्लक पॉइंट बाद होतील असं त्यात आहे आणि शेवटी आभारही मानले आहेत. आभार पोचले, पैसे पोचले नाहीत, म्हणून हे पत्र.

योजना सुरू झाली तेव्हा मामला सरळ होता. किराणा, पेट्रोल, औषधं, कपडे, सगळीकडे एकच कार्ड. पेट्रोलवर मिळालेले पॉइंट तूरडाळीला चालायचे. त्यासाठीच आम्ही वाट वाकडी करून तुमच्या योजनेतल्या सुपरमार्केटात जात होतो. नाहीतर कोपऱ्यावरचा वाणी त्याच भावात देतो, वर सामान घरी पोचवतो. मग पेट्रोल पंप योजनेतून बाहेर पडला. पाठोपाठ औषधाचं दुकान. सुपरमार्केटने स्वतःचं कार्ड काढलं आणि काउंटरवरची मुलगी म्हणू लागली, "ते जुनं आता चालत नाही काकू, मोबाइल नंबर सांगा." दिवाळीच्या गडबडीत पॉइंटचा दरही निम्म्यावर आला. आता ॲपमध्ये उरलीत फक्त गिफ्ट व्हाउचरं, तीही हजाराच्या खाली नाहीत.

हेल्पलाइनवरचे गृहस्थ म्हणाले, "मॅडम, पॉइंट ही कंपनीकडून भेट असते." माझी सगळी नोकरी अकाउंट्समध्ये झाली, मला हे सांगू नका. दुकानदार पॉइंटमागे तुम्हाला पैसे मोजतो, ते येतात आमच्या बिलातून. पॉइंट वापरला की तुम्ही ते दुकानदाराला देता. नाही वापरला तर तुमच्याकडेच राहतात. इंड एएस ११५ या लेखा मानकाप्रमाणे अशा पॉइंटची रक्कम लगेच उत्पन्नात धरता येत नाही, ती देणं म्हणून दाखवावी लागते. म्हणजे ताळेबंदात माझं तुमच्याकडे येणं, आणि फोनवर मात्र मी फुकटची गिऱ्हाईक!

अशा योजना मोडणं नवीन नाही. अमेरिकन एक्सप्रेसने मे २०१५ मध्ये अमेरिकेत 'प्लेन्टी' काढली. मेसीज, राइट एड, एक्झॉन, मोबिल, एटी अँड टी असे मातब्बर एकत्र आणले, तरी १० जुलै २०१८ ला ती संपली. आपल्याकडे आय-मिंट या पॉइंट योजनेची पेबॅक झाली, २०२१ मध्ये भारतपे या पेमेंट कंपनीने ती विकत घेतली, मग तिचं नाव झिलियन झालं. मोठ्या दुकानाला आपलं गिऱ्हाईक आणि त्याची माहिती दुसऱ्याशी वाटून घ्यायची नसते, हे माझ्या मते यातलं खरं दुखणं. पण त्याचं औषध आमच्या खिशातून का? कॅनडात एअर माइल्स या अशाच योजनेने पाच वर्षांपेक्षा जुने माइल्स, म्हणजे तिथले पॉइंट, २०१६ अखेर बाद करायचं ठरवलं होतं. लोक खवळले, ऑन्टॅरिओत विधेयक आलं, आणि डिसेंबर उजाडताच कंपनीने निर्णय मागे घेतला. तिथे जमलं ते इथे जमायला हरकत नाही.

माझे पॉइंट मिळाले तेव्हाच्या दराने त्यांची रक्कम बँक खात्यात जमा करावी. दर बदलल्याची सूचना कधी आणि कुठे दिली होती, तिची प्रत पाठवावी. आणि एवढ्या वर्षांची खरेदीची नोंद आता कोणाच्या हाती जाणार, हे लेखी कळवावं. आमच्या घरात मधुमेहाच्या गोळ्या कोणत्या महिन्यापासून येतात हेसुद्धा तुमच्याकडे आहे. योजना गुंडाळताना ते कोणाला विकू नका.

तुम्ही ॲपवरून व्हाउचर विकता, तेव्हा ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे ४८ तासांत तक्रारीची पोच आणि महिन्याभरात निवारण अपेक्षित आहे. नाहीतर १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंद करून जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी लागत नाही, आणि निवृत्तीनंतर मला वेळही भरपूर आहे.

कळावे,
आपली एक कार्डधारक, ठाणे

सोबत : कार्डाची प्रत, जुन्या दराचं माहितीपत्रक, बंदचा एसएमएस