नळ, पंखा आणि न पाहिलेली माणसं

कोथरूड, पुणे

चि. निनाद यास,
अनेक आशीर्वाद.

तुझा आतेभाऊ रविवारी रात्रीच्या गाडीने बंगळूरला निघालाय, त्याच्याबरोबर ही पिशवी आणि हे पत्र देतेय. फोनवर सांगायला घेतलं की तुझी मीटिंग लागते, आणि मेसेज केला तर तू अंगठा दाखवून मोकळा होतोस. कागद निदान ओट्यावर पडून राहील आणि नळ गळताना नजरेला पडेल.

तर आधी नळाचंच. घरमालक 'माणूस पाठवतो' म्हणालाय, त्या माणसाची वाट बघत बसू नकोस. एक दिवस झोपताना नळाखाली तांब्या ठेव आणि सकाळी किती भरला ते बघ, म्हणजे आपोआप हात हलवशील. नळ दोन तऱ्हेचे. मूठ गोल गोल फिरवून आवळावी लागते तो जुना पिळाचा, त्यात रबरी वॉशर असतो. पाव वळशात बंद होतो त्याच्या पोटात स्पिंडल, आणि स्पिंडलमध्ये एकमेकींवर घासणाऱ्या सिरॅमिकच्या दोन चकत्या. फोटोवरून तुझा दुसऱ्या तऱ्हेचा दिसतोय. सिंकखालची पाण्याची चावी, म्हणजे अँगल कॉक, बंद कर, नळ उघडून उरलेलं पाणी जाऊ दे, मुठीवरची टोपी नखाने उचक, आतला स्क्रू काढ, मग पान्याने स्पिंडल सोडव. त्याआधी सिंकच्या जाळीवर फडकं टाक, कारण तो स्क्रू हमखास तिथेच जातो. दुकानात जाताना जुनं स्पिंडल खिशात घेऊन जा. 'अर्धा इंची नळाचं द्या' म्हणून भागत नाही, मूठ बसते ते दाते कंपनीगणिक वेगळे असतात. आणि नवीन घ्यायच्याही आधी जुनं लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात रात्रभर बुडवून बघ. तुमच्या बिल्डिंगला बोअरचं पाणी, त्याचे क्षार बसतात. पुष्कळदा चकत्यांमध्ये अडकलेला एखादा खडाच सगळा उद्योग करत असतो. आपल्याकडे खडकवासल्याचं पाणी, त्यामुळे टँकर लागेपर्यंत पुणेकराला क्षार म्हणजे काय ते कळत नाही.

आता पंखा. 'आईला रिमोटचा पंखा पाठवतो' असं तू परस्पर बाबांना सांगितलंस, ते मला कळलंय. बाबांच्या पोटात काही राहत नाही हे तुला अजून कळू नये म्हणजे कमाल आहे.

हॉलमधला पंखा पाचावर ठेवला तरी दोनावर असल्यासारखा रेंगाळत होता, हे खरं. घरच्या वस्तू स्वतः दुरुस्त करणाऱ्यांचा आमचा फोनवर ग्रुप आहे, त्या मंडळींत मी तसं टाकलं. नागपूरचे एक सर आहेत, पॉलिटेक्निकमधून निवृत्त. त्यांनी उत्तर देण्याऐवजी उलट मलाच प्रश्न घातले. बंद असताना बोटाने ढकलला तर सहज फिरतो का? आवाज येतो का? चालू केल्यावर आपणहून सुटतो, की हाताने धक्का द्यावा लागतो? सहज फिरतो, आवाज नाही, सुटायला मात्र वेळ घेतो, असं कळवल्यावर म्हणाले, मोटर ठणठणीत आहे, कपॅसिटर उतरलाय. पंख्याच्या मोटरीत दोन वाइंडिंग, म्हणजे तारेची वेटोळी, असतात. दोन्हींना एकाच क्षणी सारखी वीज मिळाली तर पंखा नुसता गुणगुणेल, फिरणार नाही. कपॅसिटर एकीतली वीज किंचित पुढेमागे करतो आणि त्या तफावतीतून फिरण्याचा जोर मिळतो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने त्याची ताकद उतरत जाते, आणि तेवढाच पंखा मंदावतो.

मेन बंद केला. नुसतं पंख्याचं बटण बंद करून चालत नाही, जुन्या घरांत बटण न्यूट्रलवर जोडलेलं निघतं आणि वरच्या वायरीत वीज तशीच असते. टेस्टर लावून खात्री केली, शिडीवर चढले, बाबा खाली बॅटरी धरून. वरची वाटी खाली सरकवली, तर आत वीस वर्षांची धूळ आणि कोळ्याचं घर. कपॅसिटरची दोन्ही टोकं स्क्रूड्रायव्हरने एकमेकांना टेकवून घेतली, म्हणजे उरलीसुरली वीज गेली. अंगावर छापलेलं २.५ मायक्रोफॅरड, मीटरवर आकडा आला १.४. दुसऱ्या दिवशी आयडियल कॉलनीहून मेट्रोने निघाले, सिव्हिल कोर्टला गाडी बदलून मंडईला उतरले आणि चालत विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत. दुकानदाराने माझ्याकडे बघून आधी 'मिस्त्री कुठेत?' विचारलं. मी जुना कपॅसिटर काउंटरवर ठेवला आणि २.५ चाच पाहिजे, ३.१५ चा देऊ नका म्हटलं, तेव्हा 'या मावशी' झालं. वस्तू शंभराच्या आत. संध्याकाळी पंखा लावला तर बाबांचा पेपर उडायला लागला. आता ते पेपरवर चष्म्याची डबी ठेवून वाचतात आणि तक्रार करतात.

तुझ्या बाजूनेही बोलते. जुना पंखा ७५ वॅट खातो, नवीन बीएलडीसीवाला, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, ३० च्या आसपास. रोज १२ तास धरले तर महिन्याला १६ युनिट वाचतात, हे काही थोडं नाही. आतल्या खोलीतल्या पंख्याचं बेअरिंग घरघरतंय आणि तापला की वाइंडिंगचा वास येतो, त्यात जीव राहिलेला नाही. तिथे तुझा रिमोटचा खुशाल लाव. दिवाळीला येशील तेव्हा घेऊन ये आणि स्वतः बसव. हॉलमधल्याला हात लावायचा नाही.

मागे तू विचारलंस, 'आई, कधी न पाहिलेल्या माणसांशी तू दिवसभर काय बोलतेस?' विचारण्याचा सूर मला फारसा आवडला नव्हता, पण प्रश्न बरोबर आहे. अरे, ही सगळी माणसं मला गावावरून माहीत. नागपूरचे सर, बडोद्याच्या वहिनी, सांगलीचे घड्याळवाले, नाशिकच्या द्राक्षवाल्या काकू. काहींची नावं मला आजही धड सांगता येणार नाहीत, पण कोणाच्या बेसिनखाली कुठला पाइप आहे ते सांगेन. इथे जिन्यात कोणी भेटलं की मुलगा कुठे, पगार किती, लग्नाचं काय जमलं का, गुडघे कसे आहेत, अशी चौकशी सुरू होते. तिकडे कोणी म्हणजे कोणी हे विचारत नाही. 'मीटरवर किती दाखवतंय?' एवढंच. मला त्यात फार बरं वाटतं, खोटं कशाला सांगू.

बडोद्याच्या वहिनींचं शिवणयंत्र टाके सोडायला लागलं. कारागिराने शटल, म्हणजे खालच्या धाग्याची बॉबिन बसते तो भाग, बदलावी लागेल सांगितलं होतं. वहिनींनी सुई खाली-वर जातानाचा व्हिडिओ टाकला. मी तीन-चारदा बघितला आणि म्हटलं, सुई काढून दांड्याची सपाट बाजू कुणीकडे आहे ते बघा. सुई उलटी बसली होती. वरचा धागा शटलच्या टोकाला सापडतच नव्हता, मग टाका पडणार कसा? शटल होती तशीच राहिली. त्यांच्याच एका ओळखीच्या बाईंनी यंत्रात खोबरेल तेल घातलं होतं, ते नोव्हेंबरपर्यंत ठीक चाललं. २४ अंशांच्या खाली खोबरेल थिजतं, हे आपण डोक्याला लावताना दरवर्षी बघतो, पण यंत्राला घालताना आठवत नाही. थंडीत चाक हलेना. रॉकेलने धुऊन मग मशीनचं तेल घालावं लागलं.

सांगलीचे घड्याळवाले जुनी एचएमटी दुरुस्त करतात, पोटासाठी नाही, हौस म्हणून. आजोबांचं 'जनता' मॉडेलचं एचएमटी त्यांच्याकडे पाठवलं होतं. १७ ज्वेल्सचं, म्हणजे चाकांच्या टोकांना झीज होऊ नये म्हणून बसवलेल्या खड्यांचं, रोज किल्ली द्यायची, सेकंदाला पाच ठोके. आतलं जुनं तेल वाळून डिंकासारखं झालं होतं. सगळं सुटं करून, धुऊन, नवीन तेल देऊन त्यांनी परत पाठवलं. पैसे विचारले तर म्हणाले, तुमच्या गच्चीतल्या आंबेहळदीचे कंद पाठवा. पाठवले. घड्याळ दिवसाला अर्धा मिनिट पुढे जातं, जाऊ दे. एचएमटीने पहिला घड्याळांचा कारखाना १९६१ मध्ये तुझ्याच बंगळूरला काढला, जपानच्या सिटिझन कंपनीबरोबर. जालहळ्ळीला त्यांचं संग्रहालय आहे. एखाद्या शनिवारी मॉलऐवजी तिकडे जा आणि फोटो काढून पाठव, सांगलीला पुढे पाठवायचेत. वयामुळे त्यांना स्वतःला एवढा प्रवास होत नाही.

घरची मोठी बातमी म्हणजे तुझ्या खोलीतली ओल सापडली. दरवर्षी आपण ती भिंत रंगवायचो आणि गणपतीपर्यंत पापुद्रे सुटायचे. कमिटीचं म्हणणं, गच्चीचा कोबा गेला, सगळ्यांनी वर्गणी काढा. नाशिकच्या काकू म्हणाल्या, पैसे देण्याआधी भिंतीलाच विचारा. वीतभर प्लॅस्टिकचा चौकोन घ्यायचा आणि चारही कडा चिकटपट्टीने भिंतीवर पक्क्या बंद करायच्या. दोन दिवसांनी पाणी वरच्या अंगाला दिसलं तर ती खोलीतल्या हवेतली वाफ. आतल्या अंगाला, भिंतीकडे दिसलं तर भिंतीतून येतंय. आपल्याकडे आतून थेंब. मग मी कॅलेंडरवर खुणा करायला लागले. पाऊस उघडला तरी ओल हटेना, उलट मंगळवारी आणि शनिवारी वाढायची. गच्ची काही वार बघून गळत नाही. वरच्या मजल्यावर त्या दिवशी वॉशिंग मशीन लागतं! म्हणजे कोबा ठीक, भिंतीबाहेरून सांडपाणी खाली नेणारा डाऊनटेक पाइप फुटलाय.

दोरीवर उतरणारा माणूस बोलावला. पाइपच्या जोडातून पिंपळ आलेला, वर पानं चारच, पण मुळं पाइपच्या आत कोपरापर्यंतच्या हाताएवढी, शेवयांच्या गुंडाळीसारखी. पिंपळ कोणी तोडायचा यावर कमिटीत अर्धा तास गेला. विज्ञानाच्या निवृत्त शिक्षिकाही मागे सरकल्या. शेवटी त्या माणसाने तो मुळासकट ओढून काढला आणि बाबांनी कुंडीत लावला. जगला तर म्हातोबाच्या टेकडीवर नेऊन लावणार म्हणतात. जोड नवीन बसवला, वर्गणी वाचली, पण त्याबद्दल कमिटीत कोणी अवाक्षर काढलेलं नाही. भिंत उन्हाळ्यापर्यंत तशीच वाळू देणार आहे, ओल्यावर पुट्टी लावली की पुन्हा तेच.

या मंडळींत सगळेच शहाणे आहेत असं समजू नकोस. एकाने फ्यूज सारखा उडतो म्हणून जाड तार घालायचा सल्ला दिला, तेव्हा मी इतकं झाडलं की बाबा आतून विचारत आले, कोणाशी भांडतेस. फ्यूज उडतो तो घर जळू नये म्हणून. काही गोष्टींना मी हात लावत नाही आणि तूही लावायचा नाहीस. मायक्रोवेव्ह उघडायचा नाही, पिन काढल्यावरही त्यातला कपॅसिटर जीव घेण्याइतकी वीज धरून असतो. गॅसच्या नारिंगी नळीवर तारीख छापलेली असते, पाच वर्षं झाली की बदलायची, आणि गळतीची शंका आली तर साबणाचा फेस लावून बुडबुडे बघायचे. काडी कधीच नाही. गीझरमधून झिणझिण्या आल्या तर आंघोळ राहू दे, इलेक्ट्रिशियन बोलाव.

पिशवीत काय आहे ते सांगते. दोन स्क्रूड्रायव्हर, टेस्टर, बोहरी आळीतून आणलेला ८ इंची सरकता पाना, टेफ्लॉन टेप. टेप आट्यांवर गुंडाळताना टोक स्वतःकडे धरून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, म्हणजे नळ आवळताना ती उलगडत नाही. जुना मल्टिमीटरही देतेय, मी नवीन घेतलाय. त्याची लाल वायर जरा सैल आहे, दाबून धरावी लागते. शेजारी निळ्या झाकणाच्या डब्यात थालीपिठाची भाजणी आहे आणि पुडीत मेतकूट. दोन्ही हत्यारांखाली ठेवलेलं नाही, वर ठेवलंय, तरी आतेभावाने पिशवी आडवी टाकली असेल तर आधी डबा उघडून बघ.

नळ झाला की तांब्याचा फोटो पाठव.

तुझी,
आई

ता. क. टेस्टर बाबांचा आहे. त्यांनी तो आजवर वापरलेला नाही, पण दिवाळीला परत आणायला सांगितलाय.