थिएटर कमांड : अंदमानचा अनुभव विसरू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

थिएटर कमांड म्हणजे एका आघाडीवरचं लष्कर, हवाई दल आणि नौदल एकाच प्रमुखाखाली आणणं. तिची चर्चा पुनःपुन्हा अडते ती मुख्यालय कुठे आणि प्रमुख कोणत्या दलाचा यावर. त्या प्रमुखाच्या हाताखाली प्रत्यक्ष विमानं, जहाजं किती असतील, हे मात्र कुणी विचारत नाही.

आज लष्कराच्या ७, हवाई दलाच्या ७ आणि नौदलाच्या ३ अशा १७ वेगवेगळ्या कमांड आहेत. कच्छचंच पाहा. जमीन पुण्याच्या दक्षिण कमांडकडे, आकाश गांधीनगरच्या नैर्ऋत्य हवाई कमांडकडे, समुद्र मुंबईच्या पश्चिम नौदल कमांडकडे. शत्रू एकच, पण त्याच्याविरुद्धचा आराखडा तीन शहरांत जुळवायचा! खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत तिन्ही दलांची मुलं तीन वर्षं एकाच स्क्वॉड्रनमध्ये राहतात, एकत्र घडतात. पुढे मात्र त्यांच्या वाटा आणि वरिष्ठांच्या साखळ्या वेगळ्या होतात.

एकत्रित कमांडचा प्रयोग आपल्याकडे २००१ पासून अंदमान-निकोबारमध्ये सुरू आहे. तिन्ही दलं आणि तटरक्षक दल तिथे एका प्रमुखाखाली आहेत. पण हाताशी असलेली साधनसामग्री द्यायला प्रत्येक दलाने वर्षानुवर्षं हात आखडता घेतला. शिस्तभंगाची कारवाई करायची तरी दुसऱ्या दलाच्या जवानाला त्याच्या मूळ दलाकडेच पाठवावं लागे. ही अडचण दूर करणारा कायदा २०२३ मध्ये झाला आणि २०२४ च्या मे महिन्यात लागू झाला. एवढ्या साध्या अधिकारासाठी वीसहून अधिक वर्षं गेली, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

विमानं थिएटरांमध्ये वाटून टाकू नयेत, हा हवाई दलाचा आक्षेप मात्र हट्ट म्हणून झटकून टाकू नये. लढाऊ विमानांच्या मंजूर तुकड्या (स्क्वॉड्रन) ४२. मिग-२१ निवृत्त झाल्यावर हाती तीसपेक्षाही कमी. सकाळी पंजाबवर असलेलं विमान दुपारी लडाखला लागू शकतं. ती थोडकी विमानं कायमची वाटून टाकली, तर एका आघाडीवर ती नुसतीच उभी राहतील आणि दुसरीकडे कमी पडतील.

अमेरिकेने १९८६ च्या कायद्याने युद्धाचे आदेश राष्ट्राध्यक्ष आणि संरक्षणमंत्र्यांकडून थेट संयुक्त कमांडरकडे जातील अशी व्यवस्था केली. प्रत्येक दलाच्या प्रमुखाकडे भरती, प्रशिक्षण, सज्जता ठेवली. चीनने २०१६ मध्ये ७ लष्करी विभाग मोडून ५ थिएटर कमांड उभ्या केल्या. आपल्याकडे कारगिलनंतर मंत्रिगटाने २००१ मध्ये तिन्ही दलांत समन्वय साधणाऱ्या संरक्षण दलप्रमुखपदाची (सीडीएस) शिफारस केली. जनरल बिपिन रावत यांनी ते पद स्वीकारलं १ जानेवारी २०२० रोजी. आता आणखी वेळ दवडणं परवडणारं नाही.

संरक्षणमंत्र्यांना माझी विनंती आहे : गोपनीय तपशील अवश्य राखावा, पण तीन गोष्टी संसदेत स्पष्ट कराव्यात. थिएटर कमांडरकडे कायमस्वरूपी कोणत्या तुकड्या, विमानं आणि जहाजं राहतील? दोन आघाड्यांनी एकाच वेळी विमानं मागितली तर निर्णय कोण देईल? आणि त्या घडीला लष्कर, हवाई दल, नौदल यांच्या प्रमुखांना आदेश बदलण्याचा अधिकार असेल की नाही? याची उत्तरं लेखी ठरल्यावरच मुख्यालयांची जागा निवडावी.

आपला,
एक वाचक, पुणे